माझ्यातले थोडेसे लोखंड

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, माझ्या काळ्या रंगाला हसू नका. लोहाराने मला तापवून, ठोकून घडवले तेव्हापासूनचा तो रंग आहे.

शिवणकाम करणाऱ्या एका आईने मला घरी आणले. तिचे यजमान बस चालवत. त्यांची एकुलती लेक चिमणी. शिलाई मशीन थांबले की माझी पाळी येई. पालेभाजी, मसूर, टोमॅटो, सारे माझ्यातच शिजे. "या कढईची चवच न्यारी!" असे शेजारीण म्हणाली की मी फुगून जाई. काय दिवस होते ते!

मग घरात न चिकटणारे हलके भांडे आले. माझी रवानगी माळ्यावर झाली. अंगावर गंज चढला.

चिमणी तेव्हा वयात आली होती. ताट तसेच ठेवून चहा-बिस्किटांवर दिवस काढायची. जिना चढून आली की धापा टाकत दारातच बसायची.

"नाटकं नुसती! अभ्यासाचा कंटाळा," बाबा म्हणायचे.

एक दिवस ती शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. दवाखान्यातून आल्यावर आई म्हणाली, "अहो, हिच्या रक्तात लोह कमी आहे. लोहामुळेच रक्त प्राणवायू अंगभर पोचवतं. पोरगी नाटकं करत नव्हती."

बाबा चिमणीजवळ जाऊन बसले. मग म्हणाले, "आणखी काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"गोळ्या दिल्यात. जेवण सुधारा म्हणाल्या. लोखंडी भांडं असेल तर तेही वापरा."

बाबांनी स्टूल ओढले, मला खाली काढले आणि घाम येईस्तोवर घासले. घासताना त्यांचे डोळे का भरले, ते मला कळले.

पुन्हा माझ्यात भाजी शिजू लागली. लोह अंगी लागावे म्हणून आई भाजीवर लिंबू पिळायची. स्नायूंसाठी डाळ-अंडी, हाडांसाठी दूध, डोळ्यांसाठी गाजर.

"परत पालाच?" चिमणी कुरकुरायची.

"खा गं राणी. मीपण तोच खातोय," बाबा म्हणायचे.

गोळ्यांनी मोठे काम केले. माझा आपला खारीचा वाटा. काही महिन्यांनी चिमणी जिना धावत चढली. "अगं हळू, पडशील!" आई ओरडली आणि पदराने डोळे पुसू लागली.

आता आई-बाबा दोघेही नाहीत. चिमणीच्या विजेच्या नव्या सपाट शेगडीवर माझा गोल तळ बसत नाही, म्हणून मी फळीवर असते. तरी ती मला अधूनमधून तेलाचा हात लावते.

मित्रांनो, मला ओली ठेवू नका, एवढे केलेत तरी पुरे. पण घरातले कोणी सारखे थकू लागले, तर त्याला आळशी म्हणण्याआधी जवळ बसा आणि विचारा, "आज जेवलास का रे?"