गाव कोणतं तुमचं?

मला कोणी हात लावत नव्हतं. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमच्या कपाळाला आठ्या पडणार नाहीत. आणि पडल्या तर पडू द्या, माझं काय जातंय.

हात लावत नव्हतं म्हणजे वाईट अर्थानं नाही, चांगल्याही नाही, कुठल्याच अर्थानं नाही. दवाखान्यात बीपीचा पट्टा बांधताना नर्सनं दंड धरला तरी मला बरं वाटायचं. एकदा पार्लरमध्ये केस धुताना तिथल्या मुलीनं डोकं जरा चोळलं, तर माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिला वाटलं शाम्पू गेला. मी म्हटलं, हो बाई, शाम्पूच.

मी करुणा. संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका दुचाकीच्या शोरूममध्ये नव्या गाड्यांच्या पासिंगचं काम बघते. राहायला शहरातल्याच सातारा परिसरात, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, एकटी. पन्नाशीला टेकलेय. सोडचिठ्ठी होऊन इतका काळ लोटला की नवऱ्याचा चेहरा आठवायला आता जोर लावावा लागतो. मूलबाळ नाही. पगार वेळेवर, घराचे हप्ते फिटलेले. लोक म्हणतात, तुमचं काय, मजा आहे बुवा. हो, मजाच मजा.

शोरूममधल्या सोनियानं माझ्या फोनवर ते डेटिंगचं ॲप टाकून दिलं. म्हणाली, "मॅडम, हल्ली सगळे असेच भेटतात." भेटतात की, नाही कशाला. पहिला वेरूळच्या लेण्यापुढं गॉगल लावून उभा होता. प्रत्यक्ष भेटला तेव्हा कळलं, फोटो पोट सुटायच्या आधीचा. कॉफी टेबलावर यायच्या आत त्यानं विचारलं, "आईचं सगळं अंथरुणातच आहे, तुम्हाला जमेल ना?" दुसरा रोज सकाळी फुलं पाठवायचा आणि बायको माहेरी गेली की फोन करायचा. तिसरा इंद्रजीत. वाळूजला कंपनीत मॅनेजर, बोलायला गूळ. अख्खा पावसाळा आमचं बोलणं चाललं. एकदा सिनेमाला गेलो, तर अंधारात त्यानं माझा हात हातात घेतला. पडद्यावर काय चाललंय मला काही कळलं नाही, मी नुसती हाताकडं बघत बसले. त्यानंतर गडी गायब. फोन नाही, मेसेज नाही. सोनिया म्हणाली, याला घोस्टिंग म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडं याला हरामखोरी म्हणतात.

त्याच ॲपवर मग ते दुसरे फोटो दिसायला लागले. मुंडकं कापलेले, नुसतं पोट दाखवणारे. खाली लिहिलेलं, फुल बॉडी मसाज, ओन्ली लेडीज, होम सर्व्हिस, प्रायव्हसीची गॅरंटी. मी काही दूधखुळी नाही. मसाज म्हणजे काय आणि फुल म्हणजे काय, मला सगळं कळतं. कळूनच मेसेज केला. थकले होते हो. नटायचं, हसायचं, छंद काय ते सांगायचं, आणि मग फोनकडं डोळे लावून बसायचं. त्यापेक्षा पैसे द्या, तासभर कुणीतरी हात लावेल आणि निघून जाईल. हा गायब झाला तर उलट बरंच होतं.

त्याचं नाव आर्यन. रविवारी दुपारी ये म्हटलं, कारण दुपारी आमची बिल्डिंग घोरत असते. सकाळी मी घर झाडलं, पलंगावर नवी चादर घातली, मग तेलाचे डाग पडतील म्हणून काढून जुनी घातली. भिंतीवर दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आप्पाराव मास्तरांचा, फेट्यातला फोटो आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत काही सोसवलं नसतं, म्हणून तो उतरवून कपाटात ठेवला. आता वाटतं, राहू दिला असता तर दारातच सगळा निकाल लागला असता. शेजारच्या गीताबाईंनी विचारलंच तर पाण्याच्या फिल्टरवाला आलाय म्हणून सांगायचं, इथपर्यंत माझी तयारी.

आला तो तिशीच्या अलीकडचा, फोटोपेक्षा बराच किरकोळ, खांद्याला लॅपटॉपची बॅग. आपल्या शहरातलं हिंदी बोलत होता.

"मॅडम, टेन्शन नक्को लेओ. पैली बार है क्या?"

मी मान हलवली. त्यानं बॅगेतून तेलाची बाटली आणि दोन धुतलेले टॉवेल काढले. पातेल्यात गरम पाणी मागितलं, बाटली त्यात उभी केली. हातातलं कडं काढून खिशात टाकलं. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, नखं तपासली. सगळं इतकं नीटनेटकं की माझी भीती निम्मी झाली.

"दर्द किधर है?" त्यानं विचारलं.

"कुठंच नाही."

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन थांबला. मी गाऊन खांद्यावरून खाली घेतला, पालथी झोपले आणि अंगावर चादर ओढून घेतली. छातीत धडधड एवढी की पलंग हलतोय का काय असं वाटलं.

तो आला. त्याचे हात खांद्यांवर पडले. कोमट, जड हात. मानेपासून खाली, मग परत वर, घाई नाही की काही नाही. माझ्या अंगातून काहीतरी सुटत गेलं. मला रडू आलं, आणि रडण्याची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. हुंदका बाहेर पडू नये म्हणून काहीतरी बोलायला पाहिजे होतं. आणि आपल्याकडच्या माणसाला अशा वेळी दुसरं काय सुचणार? मी गॅसवाल्याला विचारते, रिक्षावाल्याला विचारते, शोरूममध्ये गिऱ्हाइकाला विचारते. माणसाचं गाव कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

"गाव कोणतं तुमचं?" मी उशीतच विचारलं, मराठीत.

त्यालाही सवयच. पटकन मराठीतच बोलून गेला. "सिल्लोडच्या अल्याड, सावळवाडी."

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी नाशिकची, मी अमरावतीची, काय वाटेल ते मनाशी म्हणायचं आणि पडून राहायचं. पण सावळवाडी म्हणजे माझं माहेर. त्या नावानं माझा माझ्यावर ताबाच राहिला नाही.

"सावळवाडीत कोणाचा?"

"फकिराआप्पाचा. मधला मी."

"अगोबाई! म्हणजे आवडाबाईचा नातू?"

पाठीवरचे हात थांबले.

"आजीला तुम्ही कशा काय ओळखता?"

मी तोंड उशीत खुपसलं. पण आता गप्प बसून काय उपयोग. तो मला आठवून बघत होता, ते मला पालथं असूनही कळत होतं. सावळवाडीतून संभाजीनगरला येऊन एकटी राहणारी, शोरूममध्ये नोकरी करणारी बाई एकच.

"आप्पाराव मास्तरांच्या करुणाआत्या?" तो म्हणाला, आणि हात असे काढून घेतले की विस्तवावर पडले होते जणू.

चादर त्यानं माझ्या मानेपर्यंत ओढली. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून एक टॉवेलही वर टाकला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. गावची लेक म्हणजे अख्ख्या गावाची लेक. रक्ताचं नातं नसो, जात वेगळी असो, ती थोरल्यांची बहीण आणि पोरांची आत्या. यावर वाद नसतो. याच्या बापाला, फकिराला, मी लग्न होऊन जाईपर्यंत दर वर्षी राखी बांधली होती. पुढं माझं गावाकडं जाणं तुटलं, हा मुलगा मी कधी पाहिलेलाही नव्हता. पण म्हणून काय झालं, आत्या ती आत्याच.

मी उठून गाऊन नीट केला. तो तसाच भिंतीकडं बघत होता.

"नाव काय तुझं खरं?"

"सोमनाथ."

"सोमनाथ, इकडं बघ."

"नाय आत्या."

आणि मग मी ते बोलले. आज आठवलं तरी कानशिलं तापतात, पण बोलले. "हे बघ, मी कुणाला सांगणार नाही. तू पण सांगू नको. आपलं काही रक्ताचं नाही. मी इथं खुर्चीत बसते, पाहिजे तर शाल गुंडाळते. तू नुसते खांदे दाब. बाकी काही नको मला. किती वर्षं झाली रे, कुणी हात लावला नाही मला. तुझं हे कामच आहे ना?"

त्यानं मान खाली घातली.

"आत्या, तुमच्या पाया पडतो, असं नका म्हणू. हातच उचलायचा नाय माझा. आता कळलं ना मला."

"न कळल्यासारखं कर."

"ते कसं जमंल?"

खरंच होतं. मलाही जमलं नसतं, आता तो सोमनाथ झाला होता.

तेवढ्यात बेल वाजली. गीताबाई. पाण्याचा टँकर आलाय, पाइप लावा म्हणून सांगायला आल्या होत्या, पण नजर माझ्या खांद्यावरून आत. सोमनाथ बाहेरच्या खोलीत बॅग आवरत उभा होता. फिल्टरवाला म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

"भाचा आहे," मी म्हटलं. "माहेरचा."

"बरं झालं बाई," गीताबाई मनापासून म्हणाल्या. "कुणीतरी येत जावं तुमच्याकडं."

दार लावून मी चहा टाकला. दुसरं करणार काय? ज्या पातेल्यात तेलाची बाटली उभी होती ते बाजूला सारलं आणि दुसरं घेतलं. सोमनाथ खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. घरी त्यानं वाळूजला कंपनीत आहे म्हणून सांगितलेलं. होताही आधी, मग ठेकेदारानं काढून टाकलं.

"आमच्या आप्पाला नका सांगू, आत्या."

"मी काय सांगू? कुठं भेटलास म्हणून सांगू?"

यावर तो हसला. मग मीही हसले. बरं वाटलं असं नाही म्हणणार, पण हसलो खरं.

"लग्न का नाही केलंस?" मी विचारलं. आत्याच झाले होते, तर विचारलंच.

"देतंय कोण पोरगी? रान थोडं, नोकरी अशी. मी बी पहिलं या ॲपवर पोरगी बघायलाच आलतो. खरं नाव टाकलं, गाव टाकलं, चांगला शर्ट घालून फोटो काढला. एकीनं सुदिक रिप्लाय केला नाय. मग एका दोस्तानं सांगितलं, मुंडकं काप आन् मसाज लिही. तवापासून रोज फोन." त्यानं बशीत चहा ओतला. "बाया भेटतेत लई. पर कुणी विचारत नाय, बाबा तू जेवला का."

"जेवलास का?"

"नाय."

मग त्याला पोळी-भाजी वाढली. शेंगदाण्याची चटणी वाढली तेव्हा म्हणाला, आजीच्या हातची अशीच असते. आवडाबाईचे डोळे गेलेत, आता आवाजावरून माणूस ओळखते, असं सांगत होता. मी हं हं करत होते. माझ्या खांद्यावर अजून तेल होतं, गाऊन तिथं चिकटला होता. चीड येत होती मला. कुणावर ते कळत नव्हतं. त्याच्यावर नाही, तो बिचारा खाली मान घालून जेवत होता. गावावर येत असेल. लेक म्हणून जन्मभर जपतं गाव, पण त्या लेकीचं अंग एकटं पडून वाळतंय का, हे विचारायची त्यात कुठं सोय नाही.

निघताना मी पैसे पुढं केले. तो दोन पावलं मागं सरला. "आत्याकडून घेत असतेत व्हय?" मी पण फार ताणलं नाही.

दारात त्यानं चपला घातल्या, काही आठवल्यासारखं थांबला, परत काढल्या. आत आला आणि वाकला.

त्याचे दोन्ही तळवे माझ्या पावलांवर आले. अजून कोमट होते. अंगठ्यांपासून घोट्यांपर्यंत पूर्ण टेकलेले, आमच्याकडं थोरामोठ्यांच्या पाया पडतात तसे. त्याचं डोकं माझ्या गुडघ्यांशी होतं. तेलाचा वास येत होता. आमच्याकडची रीत अशी की पाया पडणारा माणूस आशीर्वाद मिळाल्याशिवाय उठत नाही. मोठ्या माणसानं डोक्यावर हात ठेवायचा, सुखी राहा म्हणायचं, मग तो उठतो.

सुखी राहा. एवढंच म्हणायचं होतं.

खालून टँकरच्या मोटारीचा आवाज येत होता. सोमनाथ वाकून वाट बघत होता, आणि मी गप्प उभी राहिले.