गालावरची गोरी पानं

मि सानच्या हनुवटीवर पुटकुळ्या उठल्या आणि तिच्याइतकं दुःखी गावात कोणी उरलं नाही. मावशीच्या नातवाला भिक्षूचं चीवर द्यायचा सोहळा आठवड्यावर आला होता. मिरवणुकीत विड्याच्या पानांचा सोनेरी डबा घेऊन पुढे चालायचा मान मि सानचा होता. तो देखण्या मुलीलाच मिळतो, आणि लग्नाआधीच.

औषधवाल्याने गोळ्या दिल्या. म्हणाला, "या गोळ्यांवर ऊन सोसत नाही. तोंड झाकून फिर."

"मला सांगता? मी थनाखा लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही."

ते खरंच होतं. रोज सहाणेवर थनाख्याचं खोड उगाळायचं आणि तो उन्हापासून वाचवणारा पिवळसर लेप पानाच्या आकारात लावायचा. फक्त गालांवर, कारण नखरा तिथेच शोभतो. तशीच ती भर दुपारी भुईमूग काढायला गेली.

संध्याकाळी तोंड धुतलं तर कपाळ, नाक, मान लालबुंद, आणि गालांवर दोन गोरी पानं. करायला गेली गणपती, झाला मारुती. तिने आरसा पालथा घातला आणि पोटभर रडून घेतलं.

सकाळी मावशी फणफणत आली. बांबूची रुंद टोपी इतकी पुढे ओढलेली की तोंड दिसतच नव्हतं.

"डबा आता शेजारच्या नंदाला देते. लोक सोहळा बघतील की तुझं थोबाड?"

"गोळ्यांमुळे झालं, मावशी. त्यांच्यावर ऊन बाधतं."

"गोळ्यांनी कुणी भाजतं होय? मी बीपीची नवी गोळी रोज घेते. मला काय धाड भरली?"

बोलता बोलता घाम आला, म्हणून मावशीने वारा घ्यायला टोपी काढली. कपाळ टोमॅटोसारखं, आणि दोन्ही गालांवर दोन गोरे गोल. कालपरवा ती गालांवर थनाखा लावून, बिनटोपीची, भर उन्हात दारोदार आमंत्रणं देत हिंडली होती.

मि सानला हसू आवरेना. "डबा नंदाला द्या. पण यजमानीण म्हणून कुणाला उभी करायची?"

मावशीने पालथा आरसा उलटून पाहिला.

"गोळीचं डॉक्टरांना विचारते," ती अखेर म्हणाली. "आणि मिरवणूक ऊन चढायच्या आत काढू. छत्र्या घेऊन."

"आणि डबा?"

"तुझाच. माझ्याबरोबर चालायला माझ्यासारखंच तोंड नको का?"