हवा आधी कोणाची संपली

पाण्यातून वर आल्यावर आसारामांच्या टाकीवरचा उरलेल्या हवेचा काटा वीसवर होता आणि बाकी तिघांचे साठच्या पुढे. काठावर नोंदी ठेवणं माझं काम; मी आकडे टिपून घेतले.

एकाहत्तरचा मार्च. भंडारदऱ्याच्या जलाशयात होडी उलटून बुडालेल्या माणसाच्या शोधाचा तिसरा दिवस होता. पाणबुड्यांचा नियम असा, की एकाची हवा संपत आली की सगळ्यांनी त्याच्याबरोबर वर यायचं आणि कोणामुळे आलो ते काठावर बोलायचं नाही. आसाराम म्होरके होते. वयामुळे त्यांना हवा जास्त लागे. वर्षभर तिघेही गप्प राहून त्यांचा मान राखत होते आणि प्रत्येक शोधात बुडी अर्धवट राहत होती.

बुडालेल्याची बायको लंकाबाई जवळ आली. "एवढ्यात वर आले तुमी?"

"माझी हवा संपली, मावशी," सगळ्यांत धाकटा गोरक्ष पटकन म्हणाला. "मीच लई हावरा."

बाकीचे दोघे पाणबुडे हसले. लंकाबाई हसली नाही.

"मंग उद्या तू नको उतरू, बाबा. ज्याला हवा पुरती, त्यालाच पाठवा."

आसारामांनी पट्ट्याची कडी सोडवून टाकी खाली ठेवली.

"त्याची न्हाई, बाई, माझी संपली," ते म्हणाले. "उद्यापासून मी उतरनार न्हाई. गोरक्ष पुढं ऱ्हाईल."