मायक्रोमीटरवरचं कुंकू

शाळेने सुबोध साळसकरला कागदी पिशव्या चिकटवायला शिकवलं होतं. ऑटिझम असलेल्या पोराला तेवढंच झेपतं, हे ठरवणाऱ्यांनी त्याचे हात कधी बघितलेच नव्हते. ते बघितले साकीनाक्याच्या वर्कशॉपच्या गाळ्यात जुने कारागीर दत्तारामकाकांनी. सहा वर्षं त्यांनी त्याला लोखंड कातायच्या आपल्या लेथवर घडवला. आता काका निवृत्त होणार होते. दसऱ्याच्या पूजेत गाळ्याचे मालक नंदकुमारशेठ ज्याच्या हातात नारळ देतील, लेथ त्याचा. सुबोध आठ दिवस धड जेवला नव्हता.

दसऱ्याला लेथ पुसला, झेंडूची माळ चढली. शेठने मशीनला हळद-कुंकू वाहिलं, मग हत्यारांना, आणि शेवटी डबा उघडून केसाची जाडीही मोजणाऱ्या मायक्रोमीटरवर चिमूटभर सोडलं. सुबोध तडक पुढे आला. त्याने मायक्रोमीटर उचलला, मऊ फडक्याने कुंकू पुसलं, तेलाचं बोट फिरवलं. कण अडकला तर माप चुकतं, असं त्याने भिंतीकडे बघत सांगितलं.

शेठचा पारा चढला. देवापेक्षा मोठा झालास काय, म्हणाले. असल्यांना कामावर ठेवू नका असं चार लोक सांगत होते तेच बरोबर होतं, उद्या गिऱ्हाइकाचाही असाच अपमान करशील, लेथ विसर.

सुबोधने कान झाकले. त्याला कळेचना. गेल्या महिन्यात माप केसभर चुकलं म्हणून याच शेठने अख्खा माल भंगारात घातला होता. मग आज चुकलेलं कसं चालतं?

"शेठ, तुमचं कुंकू मी तीस वर्षं पुसतोय," दत्तारामकाका म्हणाले.

"काय?"

"तुम्ही प्रसाद वाटायला बाहेर गेलात की. ह्या मेल्याला चोरून करता येत नाही, एवढाच ह्याचा गुन्हा."

शेठ हातातल्या ताटाकडे बघत राहिले. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "कुठे लावू, सांग."

सुबोधने कानांवरचे हात काढले. "डब्याच्या झाकणावर. आधी बंद करा."

शेठने डबा बंद केला, झाकणावर बोट टेकवलं आणि नारळ त्याच्यापुढे धरला. दरवर्षी तो लेथच्या पायाशीच फुटायचा. सुबोध नारळ घेऊन सरळ दाराकडे निघाला.

"अरे, इथे फोड!"

"पाणी उडेल. गंज धरेल."

शेठने तोंड उघडलं, काकांकडे बघितलं, आणि ताट घेऊन मुकाट्याने त्याच्या मागे बाहेर गेले.