शनिवारपुरता देव

मित्रांनो, मी एक म्हातारा काळा कुत्रा आहे. माझे नाव बुक्का. हे नाव ऐकून काशीतले लोक हसतात, कारण बुक्का म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसते. तुम्हाला ठाऊक असेल, कपाळाला लावायची ती काळी भुकटी. लहानपणी मी तसाच काळाकुळकुळीत होतो. आता तोंड पांढरे झाले आहे, मागचे पाय धरतात आणि उठून उभे राहायचे म्हटले तरी आधी मनाची तयारी करावी लागते. म्हणून माझी गोष्ट मी पडल्यापडल्याच सांगतो. चालेल ना?

माझा जन्म राजा घाटाच्या पायऱ्यांवर झाला. पावसाळ्यात गंगा चढली की खालच्या पायऱ्या पाण्यात जातात आणि घाटावरची कुत्री वर गल्ल्यांमध्ये सरकतात. त्या धांदलीत माझी आई एका गल्लीत गेली आणि मी भलत्याच गल्लीत. तिथे वासुदेव गुरुजींनी मला पाहिले, पंच्यात गुंडाळले आणि घरी नेले. गुरुजी संस्कृत शिकवत आणि त्यांच्या पत्नी शरदिनीबाई शाळेत गणित शिकवत. दोघांचाही जन्म काशीतलाच, पण घरातली भाषा मराठी. त्यामुळे मलाही मराठीच कळते. गल्लीतल्या कुत्र्यांशी मात्र मी बनारसीतच भांडतो.

"अहो, हे काय उचलून आणलंत? आता याचं कोण करणार?" बाई म्हणाल्या.

"मी करीन," गुरुजी म्हणाले.

केले मात्र बाईंनीच. गुरुजींचा वाटा लाड करण्याचा होता आणि तो त्यांनी चोख पार पाडला.

मोठा झालो तसे मला कामही मिळाले. उन्हाळ्यात बाई छतावर कुरडया, सांडगे आणि पापड वाळत घालत. आमच्या भागात माकडांची टोळीच्या टोळी हिंडते. एखादे माकड कठड्यावर दिसले की मी असा धावून जाई की ते शेजारचे छत सोडून पलीकडच्या छतावर उडी मारी. हळूहळू शेजारणीही आपले पापड आमच्याच छतावर आणून घालू लागल्या. "बुक्का है तो चिंता नहीं," असे त्या म्हणत. त्या दिवसांत मी छाती काढून चालत असे. माझ्यामुळेच गल्लीला पापड खायला मिळतात असे मला वाटे, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

पुढे गुरुजी गेले. मुलगी हिमानी नागपूरला सासरी. घरात बाई आणि मी, दोघेच उरलो. दिवसभर बाई दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी, शिकवणीच्या मुलांशी हिंदीत बोलत. संध्याकाळी दिवा लावला की माझ्याजवळ बसत आणि मराठीत बोलत. गुडघा कसा दुखतो, आज आमटी कशी बिघडली, गुरुजी असते तर काय म्हणाले असते. मी ऐकत असे. ऐकणे हेही एक काम आहे, मित्रांनो, आणि ते म्हातारपणीसुद्धा जमते.

माकडे हाकलणे मात्र जमेनासे झाले. गेल्या उन्हाळ्यात एक माकड माझ्या समोरून पापड घेऊन गेले आणि जाताना माझ्याकडे बघत ते खात बसले. मी भुंकलो, पण उठलो नाही. त्यालाही ते माहीत होते.

त्याच सुमारास बाई घाटाच्या पायऱ्यांवर घसरल्या आणि कंबर मोडली. हिमानी धावत आली. शस्त्रक्रिया झाली, बाई काठीने चालू लागल्या, पण एकटे राहणे आता शक्य नव्हते. त्यांनी नागपूरला जायचे ठरले. अडचण एकच होती, आणि ती मी होतो. हिमानीच्या मुलाला दमा आहे. घरात केसाळ जनावर अजिबात नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. हिमानी माझ्या गळ्यात पडून रडली. मला तिचा राग नाही आला. मुलाला श्वास घेता यायला हवा, हे कुत्र्यालाही समजते.

ती परत गेली आणि माझ्यासाठी घर शोधायला सुरुवात झाली. आधी एक अतिथीगृहवाले आले. त्यांना चोरांवर धावून जाणारा कुत्रा हवा होता. माझी परीक्षा म्हणून त्यांनी माझ्यासमोर काठी आपटली. मी जांभई दिली. ते गेले. मग एक बाई आल्या, त्यांनी माझे दात पाहिले आणि चहा पिऊन गेल्या. एकेकाने येऊन आपल्याला उलटसुलट बघावे आणि नको म्हणावे, याने माणूस थकतो तसा कुत्राही थकतो. पुढेपुढे दारावर थाप पडली की मी खाटेखाली जाऊन पडत असे.

मग टंडनजी आले. चांगले कपडे, कपाळावर टिळा. खाटेखालून मला बाहेर काढले तर ते चक्क हात जोडून माझ्यासमोर वाकले! "एकदम काला है," ते आनंदाने म्हणाले. "माताजी, आप निश्चिंत रहिए. हमारे यहां राजा की तरह रहेगा." बाईंचे डोळे भरून आले. "बुक्क्या, देवमाणूस भेटला रे तुला," त्या मला म्हणाल्या. जो कुत्र्यालाही नमस्कार करतो तो कुत्र्याला जपणारच, असे त्यांना वाटले. त्यांनी हिमानीला पुढच्या महिन्याचे नागपूरचे तिकीट काढायला सांगितले.

टंडनजींच्या घरी काय झाले ते सांगतो. शनिवार आला की सगळे घर आंघोळ करून छतावर येई. मला तेल लावलेली पोळी मिळे, गूळ मिळे, गळ्यात झेंडूची माळ पडे. सगळे ओळीने हात जोडत. बाकीचे दिवस मी त्याच छतावर साखळीला. मोलकरीण कोरडी पोळी टाकून जाई. मला कोणी मारले नाही, कोणी रागावले नाही. पण कोणी हातही लावला नाही. तिथे माझा कान खाजवणारे कोणीच नव्हते. बाईंच्या घरी शिव्या खाल्ल्या त्याही मला तिथे गोड वाटू लागल्या.

झाले होते असे की टंडनजींच्या मुलीचे लग्न जमत नव्हते. ज्योतिषाने शनीची पीडा सांगितली होती आणि काळ्या कुत्र्याला घरी ठेवून शनिवारी खाऊ घाला म्हणून उपाय दिला होता. एक दिवस लग्न जमले. दुसऱ्याच दिवशी टंडनजी मला घेऊन बाईंच्या दारात हजर.

"माताजी, काम बन गया," ते मिठाईचा डबा पुढे करत म्हणाले. "आपका बहुत उपकार."

बाईंच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात माझी साखळी आणि काठी भिंतीला टेकलेली. त्यांनी डबा उंबऱ्यावरच ठेवला. मग हिमानीला फोन करून म्हणाल्या, "तिकीट रद्द कर गं. बुक्का परत आलाय."

"आई, असं किती दिवस चालणार? पुन्हा पडलीस तर?"

"याची सोय लागली की येते."

फोन ठेवून त्या माझ्याजवळ बसल्या. "तू माझ्याआधी गेला असतास ना बुक्क्या, तर बरं झालं असतं रे," असे म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून रडल्या. तुम्हाला हे कठोर वाटेल. मला नाही वाटले. त्या फार थकल्या होत्या, आणि मीही.

त्यानंतर काही दिवसांनी गीता आली. गंगेपलीकडच्या रामनगरला तिची पिठाची चक्की आहे. बाई थालीपिठाची भाजणी दळायला पूल ओलांडून तिच्याकडेच जात, कारण गल्लीतल्या चक्कीवर दळलेल्या भाजणीला मसाल्याचा वास येतो अशी त्यांची तक्रार असे. "इतने दिन से आईं नहीं अम्मा, तो हम ही देखने चले आए," ती म्हणाली. बाईंनी तिला सगळे सांगितले. गीता माझ्याकडे वळली. तिने हात जोडले नाहीत, दातही पाहिले नाहीत.

"खाता क्या है? और डरता किससे है?" तिने विचारले.

"खाने में दूध-रोटी. डरता पटाखों से है," बाई म्हणाल्या. "लेकिन गीता, अब ये किसी काम का नहीं रहा."

"काम क्या करेगा बूढ़ा? पड़ा रहेगा. दिनभर मशीन की आवाज सुनती हूं, बगल में कोई सांस लेने वाला भी तो चाहिए."

या वेळी बाईंनी तिकीट काढले नाही. आधी घर बघते म्हणाल्या. दुखऱ्या कमरेने त्या ई-रिक्षात बसल्या, मला पायाशी घेतले आणि आम्ही रामनगरला गेलो. चक्कीत सगळीकडे पीठ आणि कानठळ्या बसवणारा आवाज. मी दारातच बसकण मारली. बाई गव्हाच्या पोत्यावर बसून एकटक माझ्याकडे बघत होत्या. मला त्यांची नजर वाचता येते, मित्रांनो. मी एकदा जरी कण्हलो असतो, त्यांच्या पायाशी अंग चोरून बसलो असतो, तर त्या मला घेऊन परत गेल्या असत्या. मग पुन्हा त्या पायऱ्या, पुन्हा एकटे घर, आणि कधीतरी पुन्हा पडणे. मला परत जायचे होते. खूप जायचे होते.

मी उठलो, गीताच्या पाटाजवळ गेलो, तिथे आडवा झालो आणि शेपूट हलवली. सगळे बळ एकवटून हलवली.

"अरे वा! लगेच रमला की," बाई म्हणाल्या. "कृतघ्न मेला!" त्या हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. रिक्षा वळेपर्यंत मी शेपूट हलवत राहिलो. आयुष्यात मी खूप माकडे पळवली, पण एवढे अवघड काम कधी केले नव्हते.

आता मी इथेच असतो. दिवसभर अंगावर पीठ बसते आणि संध्याकाळपर्यंत मी पांढरा होतो. काळा कुत्रा शोधणारे माझ्यासमोरून निघून जातात. गीता मला रोज ओरडते, "हट, रास्ते में मत सो!" आणि ओरडताना माझ्या पाठीवरून हात फिरवते. नागपूरहून बाईंचा फोन आला की ती तो माझ्या कानाला लावते. "रमलास ना रे?" पलीकडून आवाज येतो. फोनमधून शेपूट ऐकू जात नाही, म्हणून गीताच सांगते, "हिला रहा है, अम्मा." आणि आता मी ती मनापासून हलवतो.

मित्रांनो, घरी पिल्लू आणावेसे वाटले तर त्याच्या गोंडस तोंडाकडे बघताना माझे हे पांढरे तोंडही एकदा आठवा. आपला कुत्रा दुसऱ्याला द्यायची वेळ कोणावरही येऊ शकते, त्याची लाज वाटू देऊ नका. पण नेणाऱ्याला विचारा, याचा काही उपयोग उरला नाही तरी ठेवाल का? तो हो म्हणाला तरी त्याचे घर स्वतः जाऊन बघा. मला सोडायला एक म्हातारी बाई मोडकी कंबर घेऊन गंगेच्या या काठावर आली होती. माझे उरलेले दिवस तेवढ्यावर निघतील.