उजवा पिंजराही बरा झाला

डावा पिंजरा

यातले उंदीर बरे झाले. व्हायलाच हवे होते. ताईने प्रयोगशाळेत त्यांना स्वतःच्या हाताने औषध पाजलं होतं. शरीराच्या रक्षक पेशी रसायनांमधून एकमेकींना निरोप धाडतात. काही निरोप 'तुटून पडा' म्हणतात, काही 'आता पुरे'. औषधात 'आता पुरे' बनवणारे जिवंत जिवाणू होते. सुजलेल्या आतड्यात उतरायचं आणि तिथल्या पेशींची समजूत काढायची, एवढंच त्यांचं काम.

उजवा पिंजरा

यांना नुसतं मिठाचं पाणी. तेही बरे झाले.

ताईने काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवल्या. इकडची आतडी निवांत, तिकडचीही निवांत. मग औषध कुचकामी? सूज आपली आपणच ओसरली?

फोनच्या आधी

ताईचा धाकटा भाऊ बस चालवतो. चालवायचा. आतड्याच्या तसल्याच सुजेने हल्ली मध्येच पोटात कळ यायची, रक्त पडायचं, प्रवासी ताटकळायचे. मोठं आतडं काढायचं की थांबायचं, हे त्याला आजच सर्जनला कळवायचं होतं. उंदरांचं झालं की माझा नंबर लाव, हवं तर शेपूट लावून येतो, असं तो म्हणायचा. ताई ते हसण्यावारी न्यायची. तो मात्र खरंच थांबला होता.

पुन्हा उजवा पिंजरा

डावीकडचा एक उंदीर सारखा मार खायचा. औषध पाजून झाल्यावर ताईनेच कीव येऊन त्याला उजवीकडे सोडला होता. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, हे तिला पाठ होतं. आठवलं मात्र आत्ता. म्हणजे जिवाणू इकडेही पोचले असणार. म्हणजे औषध जबरदस्त? की तरीही कुचकामीच? तुलनेला कोरा उंदीर एकही उरला नव्हता.

फोन

"लागू पडतं की नाही, तेवढं सांग."

"माहीत नाही."

"अगं, सगळे बरे झाले म्हणतेस ना?"

"म्हणूनच तर माहीत नाही रे."

तिने उंदराचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग सर्जनला आतडं काढायला सांगतो.

"सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात ये. आणि तिथे कुणाला काही समजावत बसू नकोस. मला पुन्हा गोंधळायचं नाहीये."

ताई हो म्हणाली. किती वाजता, ते विचारायचं राहूनच गेलं.