डॉक्टरच्या तळहातावर काय ठेवलं

सकाळपासून चन्नप्पाचं कशात लक्ष लागत नव्हतं. व्हिएन्नाहून येऊन इथंच मेलेल्या डॉक्टरच्या भावाची नात, एल्झा, सोलापुरात उतरली होती आणि तिला डॉक्टरची हाडं उकरून आपल्या देशात न्यायची होती. न्यायची म्हणजे? साठ वर्षं दर सोमवारी त्या समाधीपाशी जातं कोण? बायको गेली, मुलगा पुण्यात साहेब झाला, त्याचा फोन सणासुदीला. बोलायला उरला होता तो एवढा डॉक्टर, आणि आता तोही चालला!

डॉक्टर ज्यू. हिटलरच्या माणसांपासून जीव वाचवून अडतीस साली एकटाच इकडे आला. बायकोला मागून बोलावू, म्हणाला. मग बसला अर्ज करत. इंग्लंडनं हमीदार मागितला. अमेरिकेनं रांगेतला नंबर दिला. स्वित्झर्लंडनं बाईला सरहद्दीवरून परत धाडलं. इथल्या इंग्रज सरकारला हवे ते कागद जमेपर्यंत लढाई पेटली आणि हेही दार बंद. बाई हिटलरच्या छावणीत मेली. एवढं मोठं जग, आणि एका बाईला जागा मिळू नये! चन्नप्पाचे वडील मल्लप्पा डॉक्टरचे कंपाउंडर. ही गोष्ट सांगताना ते मरेपर्यंत शिव्या घालत.

लिंगायतांच्या स्मशानात समाधीपाशी उभी राहून एल्झानं विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला आहे? खणणाऱ्यांना सांगायला हवं."

समाधी हीच का ते आठवत नाही, असं चन्नप्पाच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण डॉक्टरच्या समोर खोटं बोलायचं कसं?

"बाई, ते झोपलेले न्हाईत," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "बसलेत."

"बसलेत?" एल्झानं विचारलं.

"आमच्यात मांडी घालून बसवतात. कपाळाला विभूती लावतात, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवतात. तुमची रीत कुणाला विचारायची? माझ्या वडिलांच्या ओळखीचा ज्यू एकच, आणि तोच मेलेला! चुकलं आमचं. माफ करा."

"मग त्यांच्या तळहातावर काय ठेवलं?"

"लिंग कुटलं? वडील म्हणाले, हा माणूस रोज उठून ज्याचं तोंड बघायचा, ते ठेवा. बायकोचा फोटो ठेवला."

एल्झा समाधीपाशी खाली बसली आणि रडली. डोळे पुसून म्हणाली, "तिला कुठंच थडगं नाही. आमच्या घरात भिंतीवर नुसतं नाव आहे." मग हातातला परवानगीचा कागद तिनं घडी घालून पर्समध्ये टाकला. "राहू दे दोघांना इथंच."

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. चन्नप्पाला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. त्यानं मुलाला फोन लावला. "अप्पा, मीटिंगमध्ये आहे," म्हणून मुलानं ठेवून दिला. सोमवार नव्हता, तरी चन्नप्पा समाधीपाशी परत आला आणि समोर मांडी घालून बसला.

"डॉक्टर, बसा निवांत," तो म्हणाला. "आता तुमाला कुणी हितनं उठवत न्हाई."